बाटलीवरची बाई

आमच्या कोकम सरबताच्या बाटलीवर माझा फोटो आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच जणी मिळून सोलं, आगळ आणि सरबत करतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रदर्शनासाठी नवी लेबलं छापून घेतली, तेव्हा छापणाऱ्या मुलाने मला न विचारता फोटो 'जरा साफ' केला. स्टॉल लागला त्याच दिवशी एका बाईंनी बाटली उचलली, लेबल बघितलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो तुमची मुलगी."

सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. रात्री मुलीच्या घरी मात्र बाथरूमच्या आरशासमोर बाटली धरून उभी राहिले. बाटलीवरच्या बाईचे डाग गेले होते, गाल तुकतुकीत झाले होते, ते एक वेळ चालून गेलं असतं. पण तिच्या दोन भुवयांच्या मधे काहीच नव्हतं. माझ्या तिथे दोन उभ्या रेघा, नारळाच्या वड्या थापल्यावर सुरीने पाडतो तशा. तेव्हा मी ५२ वर्षांची होते. वय दिसतं याचं मला फारसं काही नाही. पण या आठीमुळे मी सदा चिडलेली दिसते. गिऱ्हाईक भाव विचारायला कचरतं, बँकेतला मुलगा "मॅडम, काही तक्रार आहे का?" म्हणून उभा राहतो, आणि गावात तर रोजचंच, "काय झाला गो? रागावलंस?" काही झालेलं नसतं. ऊन डोळ्यांवर येत असतं.

घरी परतल्यावर नवऱ्याला विचारलं, माझी आठी एवढी दिसते का हो? ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आठी पयल्यापासून आसा. लग्नाचो फोटो बघ." बघितला. आहे.

बोटॉक्स हा शब्द मला तोवर सिनेमातल्या बायकांच्या बातम्यांतून माहीत होता. बाजारातल्या एका पार्लरबाहेर तो लिहिलेला दिसला तेव्हा मी चप्पल काढून सरळ आत गेले. पंधरा मिनिटं बोलल्यावर उलगडा झाला की तो केसांचा बोटॉक्स! केस मऊ करायचा लेप. त्यात ते औषध नावालाही नसतं, नाव तेवढं उसनं. मुलीने बजावलं ते बरं केलं: सुई टोचायची तर ती डॉक्टरनेच, पार्लरमध्ये कोणी म्हणालं तरी हात जोडून बाहेर यायचं.

तिथेच थांबले असते तर दोन महिने वाचले असते. पण शेजारच्या वयनींनी एक ट्यूब दिली. मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठी नाही, काही नाही. "आठ दिवसांत बघ," म्हणाल्या. आठ दिवसांत खरंच चेहरा उजळला. वांग फिका झाला, कातडी काचेसारखी. मी दुसरी ट्यूब आणली. दुसऱ्या महिन्यात उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे लाल व्हायला लागले, हनुवटीवर बारीक लव दिसायला लागली, आणि एक दिवस लावायचं राहिलं तर संध्याकाळी तोंडाला खाज. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावं होती. एक डाग फिके करणारं, एक कातडी सोलणारं, आणि तिसरं मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. लावण्याची स्टेरॉइडं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात. हे मला नंतर कळलं. विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असणार.

तर सुरकुत्यांसाठी नव्हे, या ट्यूबने केलेल्या करणीसाठी मी कुडाळला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या. ट्यूब बघून रागावल्या नाहीत, नुसती टेबलाच्या कडेला सरकवली. तिथे तसल्या आणखी तीन होत्या. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, ती सावरेपर्यंत साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही, असं त्यांनी लिहून दिलं. मग मी धीर करून कपाळावर बोट ठेवलं. "याचं काय करता येईल?"

त्यांनी हातात आरसा दिला. "काकू, रागावून दाखवा." रागावले. "आता सोडा." रेघा फिक्या झाल्या पण गेल्या नाहीत. "आता बोटांनी कातडी ताणा." ताणल्यावर जवळजवळ गेल्या. हा खेळ दोनदा करून झाल्यावर त्या म्हणाल्या की चेहऱ्यावर तुम्हाला एकच म्हातारपण दिसतंय, पण ती तीन वेगळी कामं आहेत. गालावरचा वांग हा रंगाचा प्रश्न. डोळ्यांखालची बारीक चुरगळ हा कातडीचा. आणि ही आठी स्नायूची. तुम्ही तीस वर्षं एकच घडी घालताय, म्हणून कातडीला मोड पडलीय. क्रीम स्नायूपर्यंत जात नाही. आणि इंजेक्शनने वांग जात नाही.

एवढं साधं मला कोणीच सांगितलं नव्हतं. जाहिरातीत सगळंच सगळ्यावर चालतं.

पाळी जाऊन किती वर्षं झाली तेही विचारलं. दोन. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडी घट्ट धरून ठेवणारं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, त्यामुळे अचानक चेहरा उतरल्यासारखा वाटतो तो भास नसतो. पण आमच्याकडे त्याहून मोठा गुन्हेगार ऊन. "पटत नसेल तर घरी कुणा वयस्कर बाईची पाठ बघा," म्हणाल्या.

सासूबाईंना आंघोळ मीच घालते. त्या ८३ च्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघितलं. चेहरा सुकलेल्या सोलासारखा, मान तशीच, पाठीवर ब्लाउजच्या गळ्याएवढा काळपट, जाड तुकडा. त्याच्या खाली, जिथे ब्लाउज सुरू होतो तिथून, कातडी गोरी आणि मऊ. सैल, पण सुरकुती नाही. रेघ इतकी सरळ की फूटपट्टी लावावी. पाणी ओतायचं विसरून मी बघत राहिले. "काय बघतस?" "काय नाय, आई."

मग नवरा. ते ३१ वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले. उजवा गाल आणि उजवा हात खिडकीकडे. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात डावीपेक्षा दुप्पट सुरकुत्या आहेत आणि इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मुलीने फोनवर एक फोटो पाठवला: अमेरिकेतला ६९ वर्षांचा मालट्रकचालक, २८ वर्षं गाडी चालवलेला, २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेला. त्याची डावी बाजू वीस वर्षांनी म्हातारी वाटते, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. काचेतून उन्हातले यूव्हीबी किरण फारसे येत नाहीत, यूव्हीए येतात, आणि कातडी आतून सैल करणारे मुख्यतः तेच. फोटो बघून आमचे हे म्हणाले, "ह्येका तरी काच होती. आमची खिडकी उघडीच."

मी मोकळ्या खळ्यात काम करते. एप्रिल-मेमध्ये रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, अशी सात पुटं. मेच्या पहिल्या आठवड्यात तर आमच्याकडे दुपारी काठीची सावली काठीच्या बुडातच जिरते, आणि नेमकं तेव्हाच खळं भरलेलं असतं.

म्हणून आधी सनस्क्रीन. एसपीएफ ५० घेतलं. १०० चं घेऊ का विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, ३० चं ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० चं ९८. त्यापुढे आकड्याला पैसे देण्यापेक्षा जास्त लावा. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून बुडापर्यंत दोन पट्ट्या, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. मी तोवर मुगाएवढं लावत होते. आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कोकणातला घाम धरला तर हे लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा आणलेलं क्रीम पांढरं फटक बसायचं. तशीच दळणाला गेले तर गिरणीवर हशा, "काय गो, आज धयकालो खंय?" दशावतारातली राणी झाले होते मी. नंतर डॉक्टरांनी मातकट रंगाचं बदलून दिलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं, आणि वांग नुसत्या उजेडानेही वाढतो, म्हणून आमच्यासारख्या सावळ्या कातडीला तेच बरं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत नाही, ५०० रुपये गेले. त्यापेक्षा चांगली खरेदी म्हणजे वेंगुर्ल्याच्या बाजारातली रुंद काठाची गवती टोपी. सव्वाशे रुपये.

हे सगळं थोतांड तर नाही, असं मनात येऊन मुलीला शोधायला लावलं होतं. तिने ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सांगितला. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावचे ९०३ लोक, साडेचार वर्षं, काहींनी रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी मनाला येईल तेव्हा. रोज लावणाऱ्यांची कातडी २४ टक्के कमी म्हातारी झाली. २०१३ साली छापून आलं. ऑस्ट्रेलियातलं ऊन म्हटल्यावर मला ते जवळचं वाटलं.

ट्रेटिनॉइन डॉक्टरांनी मुद्दाम पावसाळ्यावर ढकललं. मृग लागला तेव्हा सुरू केलं: ०.०२५ टक्के, आठवड्यातून दोन रात्री, हरभऱ्याएवढं, आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर. हे मूळ मुरमांचं औषध. फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ साली दाखवलं की उन्हाने खराब झालेली कातडीही त्याने सुधारते. उजेडात ते निकामी होतं म्हणून रात्रीचं. गरोदर बाईला चालत नाही, तो प्रश्न माझा नव्हता. पहिले तीन आठवडे नाकाच्या बाजूने आणि ओठांच्या कोपऱ्यांना सालं निघत होती. सासूबाईंनी मुठेल काढून दिलं. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल आम्ही भेगांना लावतो, ते ओठांच्या कोपऱ्यांना लावून झोपायचे. डॉक्टरांची हरकत नव्हती, फक्त त्याने ऊन अडेल असं समजू नका म्हणाल्या. खोबरेल तेलाचंही तेच.

चतुर्थीपर्यंत काहीच दिसलं नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण बहुतेक जणी इथेच सोडतात. माझंही दोनदा सोडून झालं होतं. दसऱ्याच्या सुमारास एक दिवस ओटीवर उजेडात आरसा धरला तर डोळ्यांखालची चुरगळ कमी. गेली नाही, कमी. वांगाची कड पुसट झालेली. आणि हाताला गाल वेगळा लागत होता. आठी मात्र जिथल्या तिथे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

मधे एका मैत्रिणीने लेसरचं डोक्यात भरवलं. डॉक्टर एकदम नाही म्हणाल्या नाहीत, पण आपल्या रंगाच्या कातडीला भाजलं की ती काळी पडून सूड घेते, वांग असला तर जास्तच, असं म्हणाल्या. मला समजावून सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांची असताना ओले काजू फोडताना चीक हनुवटीला लागला होता. कातडी आठ दिवसांत गळून पडली, काळा डाग पाचवी-सहावीपर्यंत होता. लेसर बाद.

बोटॉक्सच्या इंजेक्शनचा निर्णय दिवाळीनंतर घेतला. घेतला म्हणजे काय, पैशांवर तीन रात्री घासाघीस केली. आठीसाठी २० युनिट, युनिटला ३५० रुपये, म्हणजे ७,०००. तीन-चार महिने टिकणार. सरबताच्या एका बाटलीमागे मला ४० रुपये सुटतात. पावणेदोनशे बाटल्या, एका आठीवर! वर्षभर ठेवायचं तर सव्वापाचशे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, "तुझे पैशे, तुझा कपाळ." यात परवानगी होती की टोमणा, ते तीस वर्षांच्या संसारानंतरही सांगता येत नाही.

भीतीही होतीच. हे विषच. डबाबंद अन्न नासलं की त्यात वाढणाऱ्या जंतूचं, ज्याने माणसं लुळी पडून मरतात. मज्जातंतू स्नायूला जो निरोप पाठवतो तो ते अडवतं. अगदी थोडं, नेमक्या जागी दिलं की तेवढाच स्नायू गप्प बसतो. कॅनडात १९८७ साली डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुदर्स पापण्यांच्या आकडीवर हे औषध देत होत्या, तेव्हा एका रुग्ण बाईने तक्रार केली की यावेळी भुवयांमधे का नाही टोचलंत, तिथे टोचलं की माझा चेहरा कसा निवांत दिसतो. त्यांचे यजमान त्वचेचे डॉक्टर. पुढचं सगळं तिथून. अमेरिकेत आठीसाठी मान्यता मिळाली २००२ साली. डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला त्या अनोळखी रुग्ण बाईचंच कौतुक वाटलं. तिलाही कोणीतरी रोज विचारत असणार, रागावलीस का म्हणून.

स्नायूंचा काही आजार आहे का, कुठली अँटिबायोटिक चालू आहेत का, हे विचारून सहीचा कागद झाला. धोकेही वाचून दाखवले: डोकं दुखेल, निळं पडेल, क्वचित पापणी उतरते आणि काही आठवडे तशी राहते. औषध फ्रिजमधून माझ्यासमोर काढलं, तारीख दाखवली. बाटली मला रिकामीच वाटली. तळाला श्वासाची वाफ धरल्यासारखं काहीतरी, तेवढंच. "हे ७,०००चं?" तोंडातून गेलं. डॉक्टर हसल्या, त्यात सलाइन भरलं, इन्सुलिनची असते तशी बारीक सुई घेतली. रागावून दाखवा, सोडा, रागावून दाखवा, सोडा. पाच टोचे: एक मधे, दोन्हीकडे दोन-दोन. डोंगळा चावतो तेवढं. डोळ्यांत पाणी आलं ते दुखून नव्हे, आपोआप. चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळात झालं. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. येताना एसटीत खिडकीपाशी झोप येत होती, मान सरळ ठेवून बसले. संध्याकाळी डोकं दुखलं, डाव्या भुवईवर तिळाएवढं निळं पडलं.

चौथ्या दिवसापर्यंत काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी मासळी बाजारात गेले. म्हातारीने सरंग्याचा असा भाव सांगितला की माझ्या कपाळाला सवयीने आठी घालायची होती. घातली. म्हणजे मी घातली, कपाळाने घातली नाही. भुवया जागच्या हलल्या नाहीत. म्हातारी माझ्याकडे बघून खूश, गिऱ्हाइकाला भाव पटला, आणि तिने सरंगो पिशवीत टाकलासुद्धा. तीस वर्षं मी तोंडाने नाही, आठीने घासाघीस करत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. रागावल्यावर आठी पडत नव्हती. स्वस्थ बसल्यावर एक बारीक रेघ होती, ती राहणार म्हणाल्या; मोडलेल्या कागदाची घडी हात काढला म्हणून सपाट होत नाही. नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंतच्या खोल रेघांना फिलर, म्हणजे रेघ आतून भरून काढणारं इंजेक्शन असतं, तेही समजून घेतलं. हायल्युरॉनिक ॲसिडचा जेल, सहा महिने ते दीड वर्ष राहतो, नको झाला तर दुसऱ्या औषधाने विरघळवता येतो. पण रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरू शकते, फार क्वचित डोळाही जातो. क्वचित म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. माझ्या त्या रेघा हसून पडल्यात, त्या राहू देत.

"रागावलंस?" हे विचारणं थांबलं. अगदी थांबलं. त्याऐवजी "बारीक झालंस", "झोप लागता वाटता बरी", एकीने तर "चेडवाचा खंय जमला काय?" मुलीचं लग्न जमल्यासारखी दिसत होते म्हणे. कोणालाही नेमकी जागा सापडली नाही. नवऱ्यालाही नाही, ज्यांना सगळं माहीत होतं. ते महिनाभर उगाच डोळ्यांखाली बघत होते. आणि खोटं का बोलू, सासूबाई पडल्या त्या दिवशी मी घाबरून धावले, तेव्हा त्या जमिनीवरून म्हणाल्या, "हसतंस काय गो?" हसत नव्हते. चेहऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते मला आवडलं नाही, आणि अजून आठवतं.

मार्चमध्ये आठी परत यायला लागली. आधी डावीकडची. दवाखान्यातून फोन आला, वेळ देऊ का. सनस्क्रीन आणि रात्रीचं क्रीम चालू आहे, ते चालूच राहणार, त्यावर आता माझा वादच नाही. इंजेक्शनचं मी मे संपल्यावर बघू म्हटलं. सोलं वाळवायच्या दिवसांत डोळे बारीक करायलाच लागतात, आणि ७,००० रुपये बरण्यांत अडकलेले असतात.

जुनी लेबलं संपत आलीत. परवा तोच मुलगा नवा फोटो काढायला खळ्यात आला. मी पुटं देत होते, कोपरापर्यंत लाल, डोक्यावर टोपी. म्हणाला, "काकी, टोपी काढा, कपाळ दिसत नाय."

"नको दिसूंदे. तसोच काढ."